मूळ कादंबरीशी एकनिष्ठ

सिनेमाला येणाऱ्या माणसांच्या काही ठरीव जाती असतात. कुणी पंख्याखाली झोपायला येतो, कुणी शेंगदाण्याची पुडी संपवायला येतो, कुणी शेजाऱ्याला "आता बघा, हा मरणार" असं सांगायला येतो. समाज या सगळ्यांना क्षमा करतो. क्षमा नाही ती एकाच जातीला. सिनेमाच्या आधी ज्याने पुस्तक वाचलेलं असतं, त्याला. हा गृहस्थ तिकिटाचे पैसे मोजतो तेच मुळी नाराज व्हायला. पडद्यावर नायिका डोळ्यांत पाणी आणून काही सांगत असते, पुढच्या रांगेतल्या बायका पदराला नाक पुसत असतात, आणि हा अंधारात कुजबुजतो, "पुस्तकात असं नाहीये!"

मी या जातीचा आहे. अगदी खानदानी. लग्नानंतरच्या पहिल्याच सिनेमाला मी हे वाक्य सात वेळा उच्चारलं असं आमच्या सौ.चं म्हणणं आहे. (मला पाचच आठवतात.) मध्यंतरात तिने माझ्या हातात बटाटेवडा ठेवला तो प्रेमाने नव्हे, तोंड बंद राहावं म्हणून, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं.

हा रोग जडला की माणूस एक ठरावीक वाक्य बोलू लागतो : 'चित्रपट मूळ कादंबरीशी एकनिष्ठ नाही.' वर्तमानपत्रातले परीक्षणकार हे वाक्य वर्षानुवर्षं लिहीत आले, मीही त्यांच्या मागोमाग ते म्हणत आलो. एकदा मात्र ते माझ्या घशात अडकलं. कारण ज्या कादंबऱ्यांच्या बाबतीत मी इतका तावातावाने एकनिष्ठेची मागणी करत होतो, त्या सगळ्या एकनिष्ठ न राहिलेल्या बायकांच्या होत्या! फ्रान्सची एमा, रशियाची अ‍ॅना आणि अमेरिकेची हेस्टर. तिघी लग्नाच्या, तिघींचं पाऊल वाकडं पडलेलं, आणि तिघींवरून लोकांनी नाकं मुरडलेली. या बायकांनी नवऱ्यांशी प्रतारणा केली आणि सिनेमावाल्यांनी या बायकांशी. पहिल्या प्रतारणेवर मोठमोठ्या लेखकांनी शेकडो पानं खर्ची घातली आहेत. दुसरीचा इतिहासही कुणीतरी लिहायला हवा, म्हणून हा उद्योग.

सुरुवात एमापासून करू. गुस्ताव्ह फ्लोबेर यांची 'मादाम बोव्हारी' १८५६ साली 'रव्ह्यू द पारी' या नियतकालिकातून क्रमशः येऊ लागली. एमा ही खेडेगावातल्या एका डॉक्टरची बायको. डॉक्टर माणूस सज्जन, पण वरणभातासारखा. पोट भरतं, पण मैत्रिणीला पत्र लिहून कळवावं असं त्यात काही नाही. एमाने तर लग्नाआधी भारंभार कादंबऱ्या वाचलेल्या. मग एक प्रियकर होतो, दुसरा होतो, कापडवाल्याची उधारी डोक्याबाहेर जाते आणि शेवटी एमा सोमल खाऊन मरते.

नियतकालिकाचे संपादक आधीच भेदरले होते. त्यांनी एका बंद घोडागाडीचा प्रसंग परस्पर कापून टाकला. गाडीचे पडदे ओढलेले आहेत आणि ती गावभर वणवण फिरते आहे. वाचकाला दिसते ती गाडी. आतलं काहीच दिसत नाही. पण संपादकांना दिसलं! फ्लोबेर असा चिडला की कापाकापी झाली आहे अशी टीप त्याने त्याच अंकात छापायला लावली. म्हणजे मूळ कादंबरीशी पहिली प्रतारणा सिनेमावाल्यांनी केलेलीच नाही. सिनेमाचा जन्म व्हायला अजून चाळीस वर्षं होती. ती संपादकांनी केली. आणि एवढं करूनही खटला व्हायचा तो झालाच.

२९ जानेवारी १८५७ रोजी पॅरिसच्या कोर्टात लेखक, संपादक आणि मुद्रक असे तिघे आरोपी म्हणून उभे राहिले. सरकारी वकील होते एर्नेस्त पिनार. (याच पिनारसाहेबांनी त्याच वर्षी बोदलेरच्या कवितासंग्रहालाही कोर्टात खेचलं. साहित्याचं इतकं बारकाईने वाचन करणारा सरकारी नोकर विरळाच.) त्यांची तक्रार मोठी विचार करण्यासारखी होती. एक बाई वाईट वागते, एवढ्यावर त्यांचं भांडण नव्हतं. तक्रार अशी की, या पुस्तकात तिला दोष देऊ शकेल असा एकही माणूस नाही. नवऱ्याने द्यावा, तर तो ती मेल्यावरही तिच्यावर प्रेमच करत बसतो. धर्मगुरूने द्यावा, तर लेखकाने त्याला ठोंब्या करून ठेवलाय. आणि लेखक स्वतः? तो गप्प! मग हिला दोषी ठरवायचं कुणी? पिनारसाहेबांना दुसरी काळजी होती ती अशी की, असली पुस्तकं पडतात कुणाच्या हातात? तर मुलींच्या. आणि कधीकधी लग्न झालेल्या बायकांच्याही!

बचावाचे वकील सेनार तासन् तास बोलले. ७ फेब्रुवारीला कोर्टाने कान उपटून सगळ्यांना सोडून दिलं. प्रकाशकाने फ्लोबेरला पाच वर्षांच्या हक्कांबद्दल ८०० फ्रँक देऊ केले होते. खटल्यामुळे सरकारी खर्चाने जाहिरात झाली आणि पुस्तक हातोहात खपलं. फ्लोबेरने ते अर्पण केलं वकिलाला. बायकोला अर्पण केलेली पुस्तकं मी खूप पाहिली, पण वकिलाला अर्पण करण्यात जास्त व्यवहार आहे.

पिनारसाहेबांची ती दुसरी काळजी मला मुळीच परकी वाटली नाही, कारण ती आमच्या घरातच राहत असे. आम्ही तेव्हा साताऱ्याला होतो. आमचे वडील, म्हणजे अण्णा, कचेरीतून येताना वाचनालयातून पुस्तकं आणत. त्यातली काही टेबलावर राहत आणि काही कपाटात जात. कपाटाची किल्ली अण्णांच्या जानव्याला. ती पुस्तकं आत्याच्या हाती लागू नयेत एवढ्यासाठी हा बंदोबस्त. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. तिचं लग्न झालेलं होतं, पण ती आमच्याकडेच असे. का, ते आम्हां मुलांना कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही. तिचे यजमान म्हणजे देवमाणूस, एवढं मात्र येणारे-जाणारे आवर्जून सांगत. त्यांचा मुलगा तिकडेच होता.

सिनेमाला मात्र अण्णा तिला सगळ्यांबरोबर नेत. पुस्तक वाचून बायका बिघडतात आणि सिनेमा पाहून फक्त रडतात, अशी त्यांची समजूत असावी. ही समजूत अगदीच अडाणी नव्हती, कारण हॉलिवूडचा सगळा कारभार तीवरच चालला होता. १९३० साली हॉलिवूडवाल्यांनी स्वतःच एक नियमावली लिहून काढली आणि १९३४ पासून जोसेफ ब्रीन नावाचे गृहस्थ ती कडकपणे राबवू लागले. कथेत व्यभिचार लागलाच तर असू द्या. पण तो उघड दाखवू नका, त्याचं समर्थन करू नका आणि तो आकर्षक वाटू देऊ नका. म्हणजे दुकानात जिलबी ठेवा, पण ती गोड दिसू देऊ नका.

या नियमावलीत १९४९ साली एमाला बसवायचं होतं. मेट्रो-गोल्डविन-मेयर कंपनी, दिग्दर्शक विन्सेंट मिनेली, एमा झाली जेनिफर जोन्स. मग त्यांनी काय शक्कल लढवली? सिनेमा सुरू होतो तोच कोर्टात! आरोपी फ्लोबेर म्हणून जेम्स मेसन उभा आहे आणि तोच न्यायमूर्तींना एमाची गोष्ट सांगतो आहे. खऱ्या खटल्यात बोलले होते ते वकील. इथे लेखकच आपल्या भारदस्त आवाजात समजावून सांगतो की, ही बाई अशी का झाली आणि यापासून समाजाने काय शिकावं. कादंबरीत गप्प बसला म्हणून ज्याच्यावर खटला भरला, त्याला ब्याण्णव वर्षांनी सिनेमाने बोलतं केलं. पिनारसाहेब प्रेक्षागृहात असते तर उभे राहून टाळ्या वाजवत्या झाले असते.

नवऱ्याचीही डागडुजी झाली. कादंबरीतला डॉक्टर बायकोच्या आणि गावातल्या औषधवाल्याच्या भरीला पडून एका गरिबाच्या वाकड्या पायावर शस्त्रक्रिया करतो. पाय सडतो आणि शेवटी कापावा लागतो. हा प्रसंग वाचताना अंगावर काटा येतो, कारण चूक करणारा माणूस दुष्ट नाही, नुसता बेताचा आहे. सिनेमातला डॉक्टर ऐन वेळी हात मागे घेतो. हे आपल्याला जमणारं काम नव्हे असं कबूल करतो आणि शहाणा ठरतो. असा विवेकी नवरा असताना बाई वाकडी गेली म्हटल्यावर दोष कुणाचा, हे शाळकरी पोरही सांगेल. पिनारसाहेबांना हवा असलेला साक्षीदार अखेर मिळाला.

आता अ‍ॅना. इथे एक घरगुती खुलासा करणं भाग आहे. मराठी कानाला 'अ‍ॅना' आणि 'अण्णा' यांत फारसा फरक कळत नाही. मी कॉलेजात असताना 'अ‍ॅना कॅरेनिना'चं इंग्रजी भाषांतर घरी आणलं. आत्याने नाव विचारलं आणि ऐकल्यावर म्हणाली, "अगंबाई! अण्णांवर पुस्तक?" तेव्हापासून आमच्या घरात टॉलस्टॉयच्या नायिकेचं नाव 'तुझी अण्णा' असं पडलं ते पडलंच. खुद्द अण्णांनी पुस्तकाचं शेवटचं अंग चाळून पाहिलं, बाई आगगाडीखाली जीव देते याची खात्री करून घेतली आणि पुस्तक टेबलावर राहू दिलं. शेवट योग्य आहे म्हणाले. आत्याला इंग्रजी येत नव्हतं. ती तांदूळ निवडायला बसली की मी तिला रोज थोडी थोडी गोष्ट सांगत असे.

ही कादंबरी १८७५ पासून १८७७ पर्यंत 'रूस्की व्हेस्तनिक' या मासिकात येत होती. संपादक काटकोव्ह. अ‍ॅना मेली आणि शेवटचा, आठवा भाग तेवढा राहिला. त्यात टॉलस्टॉयने सर्बियाच्या लढाईला निघालेल्या रशियन स्वयंसेवकांबद्दल जे लिहिलं होतं ते काटकोव्हना मानवेना. त्यांनी तो भाग छापलाच नाही. नायिका मेली तिथे कादंबरी संपल्यासारखीच आहे असं सांगून पुढे काय होणार होतं ते चार ओळींत उरकलं. टॉलस्टॉयने तो भाग स्वतः वेगळा छापला. म्हणजे इथेही शेवटाला पहिला हात घातला तो संपादकानेच. मी स्वतः संपादकांच्या उपकाराखाली असल्यामुळे या विषयावर अधिक बोलत नाही.

या कादंबरीतला नवरा, कॅरेनिन, हा बडा सरकारी अधिकारी. दारू पीत नाही, हात उगारत नाही, पगार घरी आणतो. अ‍ॅना मॉस्कोहून परत येते, स्टेशनवर तो न्यायला आलेला असतो आणि तिच्या एकदम लक्षात येतं की, याचे कान केवढे पुढे आलेले आहेत! इतकी वर्षं तेच कान होते. त्याला बोटं मोडायचीही सवय आहे. बस्स, एवढेच त्याचे गुन्हे. आणि हाच माणूस पुढे, अ‍ॅना दुसऱ्याच्या मुलीला जन्म देऊन मरणाच्या दारात पडलेली असताना, तिला मनापासून क्षमा करतो. हे वाचताना माझी मोठी पंचाईत झाली. मला कॅरेनिनचा राग यायला हवा होता, तो येईना. अ‍ॅनाचा यायला हवा होता, तोही येईना.

हॉलिवूडची अशी पंचाईत होत नसते. १९२७ साली मेट्रो-गोल्डविन-मेयरनेच यावर मूकपट काढला. ग्रेटा गार्बो आणि जॉन गिल्बर्ट. त्या दोघांचं खऱ्या आयुष्यातलं प्रेमप्रकरण तेव्हा जगजाहीर होतं. सिनेमाचं नाव आधी ठरलं होतं 'हीट'. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की, पोस्टरवर 'गार्बो आणि गिल्बर्ट' यांच्या पुढे हे नाव आलं तर वाचायला बरं दिसणार नाही. तेव्हा नाव झालं 'लव्ह'. 'गार्बो आणि गिल्बर्ट इन लव्ह'! टॉलस्टॉयला आठ भाग लागले. इथे पोस्टरमध्येच कथानक संपलं.

खरी गंमत शेवटात. सिनेमाचे दोन शेवट चित्रित केले गेले. एकात अ‍ॅना आगगाडीखाली जाते. दुसऱ्यात बिचारा कॅरेनिन मरतो, मध्ये तीन वर्षं जातात, अ‍ॅनाचा मुलगा सैनिकी शाळेत असतो, ती त्याला तिथे भेटायला जात असते, तो सुगावा लागून व्ह्रॉन्स्कीही तिथे पोचतो आणि सगळं गोड होतं. थिएटरवाल्यांनी आपल्या गिऱ्हाइकाची प्रकृती पाहून हवा तो शेवट लावावा. खानावळीत 'भात की पोळी' विचारतात तसं 'मारू की जगवू'!

१९३५ साली त्याच कंपनीने त्याच गार्बोला घेऊन हीच गोष्ट बोलपटात काढली. एव्हाना ब्रीनसाहेब गादीवर आले होते. आता दोन शेवटांची चैन नाही. अ‍ॅनाला आगगाडीखाली जावंच लागलं. शिवाय कादंबरीत अ‍ॅनाला व्ह्रॉन्स्कीपासून झालेली ती मुलगी सिनेमात झालीच नाही. नियमावलीत बसेना, म्हणून तिला कथेतूनच काढून टाकलं. आपल्याकडच्या लाल त्रिकोणालाही इतकं यश कधी आलं नाही! पण मुलगी गेली तसं बाळंतपण गेलं, आणि बाळंतपण गेल्यावर कॅरेनिनची ती क्षमा कुठे बसवणार? ती गेली. उरला तो बेसिल रॅथबोनचा थंडगार, निर्दय नवरा. कान मात्र अगदी व्यवस्थित.

राहता राहिली हेस्टर. नॅथॅनियल हॉथॉर्न यांची 'द स्कार्लेट लेटर' १८५० साली निघाली. पहिल्या २,५०० प्रती दहाएक दिवसांत संपल्या. धार्मिक नियतकालिकांनी कडाडून टीका केली हे त्याचं एक कारण असावं. गोष्ट सतराव्या शतकातल्या बॉस्टनची. नवरा दूर असताना हेस्टरला मूल होतं. बापाचं नाव ती सांगत नाही. शिक्षा म्हणून छातीवर लाल रंगाचं 'ए' हे अक्षर जन्मभर वागवायचं. तो बाप म्हणजे गावाचा पूज्य धर्मोपदेशक डिम्सडेल! तो आतल्या आत झुरून शेवटी चारचौघांत कबुली देतो आणि तिथेच मरतो. हेस्टर परदेशी जाते, पण पुढे आपण होऊन परत येते आणि कुणीही सांगितलेलं नसताना ते अक्षर पुन्हा छातीवर लावते. का लावते? हॉथॉर्न धड सांगत नाही. दीडशेहून अधिक वर्षं प्राध्यापक मंडळी या प्रश्नावर जगली आहेत.

१९२६ सालच्या मूकपटात लिलियन गिश ही हेस्टर झाली. हे पुस्तक पडद्यावर आणायला धर्मसंस्थांचा आणि महिला मंडळांचा विरोध होता. बाईंनी स्वतः त्यांना पत्रं लिहून, आपली जबाबदारी देऊन परवानगी मिळवली, असं त्यांनीच सांगून ठेवलं आहे. त्यांचा नायक लार्स हॅन्सन हा स्वीडिश. तो कॅमेऱ्यासमोर स्वीडिशमध्ये बोलायचा, या इंग्रजीत बोलायच्या, आणि मूकपट असल्यामुळे कुणाचं काही अडलं नाही. पुष्कळ संसार याच तत्त्वावर चालतात. हा सिनेमा मात्र तिघींच्या सिनेमांत मला सर्वांत इमानी वाटला. १९३४ साली बोलपट निघाला, त्यात लोकांना फारच जड होईल म्हणून विनोदी पात्रं घातली. छातीवर अक्षर घेऊन बाई उभी आहे आणि शेजारी गावातले दोन विदूषक! हा प्रकार आपल्याला नवीन नाही.

आणि मग आला १९९५ चा सिनेमा. डेमी मूर, गॅरी ओल्डमन, दिग्दर्शक रोलंड जॉफे. श्रेयनामावलीतच त्यांनी कबूल करून टाकलंय की, हे कादंबरीवरून 'मोकळेपणाने' केलेलं रूपांतर आहे. केवढा हा मोकळेपणा! हॉथॉर्नच्या पहिल्या प्रकरणांत हेस्टर मूल कडेवर घेऊनच तुरुंगाबाहेर येते. पाप होऊन गेलेलं आहे, त्याबद्दल लेखक चकार शब्द काढत नाही. सिनेमाला तिथवर पोचायलाच खूप वेळ लागतो, कारण आधी एक लाल पक्षी हेस्टरला रानात घेऊन जातो, तिथे धर्मोपदेशक विवस्त्र पोहत असतो, वगैरे वगैरे सर्व यथासांग होतं. पुढे इंडियनांचा हल्ला होतो. खलनायक नवरा भलत्याच माणसाचं मुंडकं सोलतो आणि मग गळफास घेतो. धर्मोपदेशक मरत नाही. हेस्टर आणि तो मुलीला घेऊन गाडीत बसून कॅरोलिनाकडे निघून जातात आणि ते लाल अक्षर रस्त्याच्या चिखलात पडतं. सिनेमा जोरात आपटला. सर्वांत वाईट पुनर्निर्मितीचं 'गोल्डन रॅस्पबेरी' पारितोषिक मात्र त्याने पटकावलं. १९६८ सालीच ती जुनी नियमावली रद्द झाली होती. आता कुणी सक्ती केलेली नव्हती. तरीही गोष्ट होती तशी ठेवणं कुणाच्याच्याने झालं नाही. पूर्वी बाईला शिक्षा करायचीच असे. आता तिला सोडवायचंच होतं.

हे सगळं दूरदेशीचं झालं. पण याच वाणाचा एक सिनेमा मी घरच्या सगळ्यांबरोबर पाहिलेला आहे : १९६५ चा 'गाइड'. आर. के. नारायण यांची ही इंग्रजी कादंबरी १९५८ ची, १९६० ची साहित्य अकादमी मिळवलेली. दुसऱ्याची बायको नवरा सोडून एका गाइडबरोबर राहते, ही गोष्ट. नारायणांनी सिनेमावाल्यांना म्हैसूरच्या आसपास हिंडवून आपल्या मालगुडीच्या जागा दाखवल्या. सिनेमावाल्यांनी त्या पाहिल्या, वाखाणल्या आणि चित्रीकरण केलं राजस्थानात. नारायणांनी पुढे या सगळ्या प्रकरणावर एक लेख लिहिला, तो मी जपून ठेवलाय. आमच्या जातीचा तो धर्मग्रंथच म्हणा ना.

पुस्तकातला मार्को हा नवरा वाईट नाही. त्याला गुहांतल्या चित्रांपलीकडे काही दिसत नाही, इतकंच. बायको नाचते हे त्याला आवडत नाही. तो ओरडत नाही, मारत नाही. नुसता गप्प बसतो. सिनेमात मात्र रोझी त्याला गुहेत एका बाईबरोबर पकडते. मग ती निघून जाते आणि सगळं थिएटर तिच्या बाजूचं होतं. हॉलिवूडने एमाच्या नवऱ्याला शहाणा केला, म्हणजे बायको दोषी ठरावी. आपण रोझीच्या नवऱ्याला नालायक केला, म्हणजे बायको निर्दोष ठरावी. दोन टोकांच्या दोन तऱ्हा, पण काम एकच. पिनारसाहेबांना हवा होता तो निकाल लावून टाकायचा. या पुस्तकांचा खरा आगाऊपणा व्यभिचार दाखवण्यात नव्हताच मुळी. तसल्या गोष्टी पुराणांतही आहेत. नवरा बरा होता, बायको वाईट नव्हती आणि तरीही घर मोडलं, एवढं सांगून ही पुस्तकं गप्प बसतात. ते आपल्याला सोसत नाही.

'गाइड' पाहून आम्ही घरी आलो आणि जेवायला बसलो. अण्णा म्हणाले, "नवराच असा निघाला म्हणून गेली ती. एरवी जाती ना." मी लगेच म्हणालो, "पण पुस्तकात असं नाहीये! पुस्तकात नवरा वाईट नाहीच."

अण्णांनी घास हातात धरूनच विचारलं, "मग गेली कशाला?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात आत्या पाणी आणायला म्हणून आत गेली. माठ तसा पानांजवळच होता. ती बराच वेळ आली नाही आणि विषय तिथेच राहिला.

पुढे मी पुण्यात नोकरीला लागलो आणि तिथल्या एका फिल्म सोसायटीचा सभासद झालो. त्यांच्या एका सायक्लोस्टाइल पत्रकात मी त्या दोन शेवटांच्या अ‍ॅनाबद्दल पहिल्यांदा वाचलं. सुटीत साताऱ्याला गेल्यावर सगळ्यांना रंगवून सांगितलं. कॅरेनिनचा सोयीस्कर मृत्यू, सैनिकी शाळा, व्ह्रॉन्स्कीचं टपकणं, सगळं नकला करून. मंडळी हसून लोळली. अण्णासुद्धा हसले. "टॉलस्टॉयने डोकं आपटून घेतलं असतं," असं मी समारोपाचं वाक्य टाकलं.

आत्या कोपऱ्यात वाती वळत होती. ती म्हणाली, "म्हणजे त्या तुझ्या अण्णाला तिचा मुलगा भेटला का रे?"

मी म्हटलं, "हो, सिनेमात भेटतो. जात असते ती त्याच्या शाळेत."

"नेहमी?"

"हो. नेहमी."

"मग बरं झालं की," आत्या म्हणाली आणि पुढची वात वळायला घेतली.

आत्या जाऊन पुष्कळ वर्षं झाली. तिची मी कधी काही चौकशी केली नाही, आणि आता करायला कुणी उरलेलं नाही. मध्यंतरी भाच्याने तो १९२७ चा 'लव्ह' मला त्याच्या कॉम्प्युटरवर लावून दिला, दोन्ही शेवटांसकट. टॉलस्टॉयच्या बाजूने मी अजूनही तितकाच ठाम आहे. तो गोड शेवट म्हणजे शुद्ध थाप आहे, कॅरेनिनला मारलाय तो तर निव्वळ अन्याय आहे, आणि कादंबरीशी त्याचा काडीचाही संबंध नाही. यावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे.

पण ती शाळा आली, मुलगा आला, आणि मी काहीच बोललो नाही.

शेजारी बसलेल्या सौ.ने माझ्याकडे वळून पाहिलं. "काय हो," ती म्हणाली, "पुस्तकात असं आहे?"